मुलाखतीला निघालेली मिरवणूक

सोमेश शेटेने एम.ए. करायचं ठरवलं ते पन्हाळ्यावर, हातात अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस असताना. निर्णय किती विचारपूर्वक घेतला होता, ते यावरून कळेल.

झालं असं, की २००५ सालच्या मे महिन्यात तो बायकोला घेऊन पन्हाळ्याला गेला होता. अंबरखान्यापाशी एक गाईड पुण्याच्या मंडळींना हात उंचावून सांगत होता, "ह्यो बघा, हितं हत्ती बांधायचे. नुसते हत्तीच हत्ती!" आता अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगेल. सोमेश तर इतिहास घेऊन बी.ए. झालेला. "चुकीचं सांगतोय," तो म्हणाला. पण सोमेशचं बोलणं बहुतेक वेळा त्याच्या मिशीपर्यंतच पोचत असे. ते फक्त त्याच्या बायकोला, शांभवीला, ऐकू गेलं. आणि शांभवी गडहिंग्लजची. तिला हळू बोलायचं कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"ओ गाईड! आमचं हे म्हणत्यात, तुम्ही चुकीचं सांगायलाय!"

अख्खं पुणं वळून सोमेशकडे बघायला लागलं. सोमेशने कणीस पाठीमागे लपवलं. (का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.)

"काय शिकलाय पावणं?" गाईडने विचारलं.

"बी.ए."

"कशात?"

"हिस्टरीत."

"मी यम्मे हाय," गाईड म्हणाला, आणि हत्ती पुन्हा अंबरखान्यात शिरले.

परत येताना स्कूटरवर मागून शांभवी म्हणाली, "एवढं लागलंय मनाला, तर करा की यम्मे."

"आण्णा काय म्हणतील?"

"मी बोलू आण्णांशी?"

"नको!" सोमेश एवढ्या जोरात ओरडला, की वाघबीळच्या वळणावर स्कूटर रस्ता सोडून चालली होती.

सोमेश भित्रा होता असं म्हणणं म्हणजे रंकाळ्यात थोडंफार पाणी आहे असं म्हणण्यासारखं आहे. तो पालीला भीत असे, पोलिसाला भीत असे, आपलं काही चुकलेलं नसताना पोस्टमनलाही भीत असे. गंगावेशीत त्यांचं सरकी पेंड आणि भुशाचं दुकान. दुकान जनावरांच्या खाद्याचं आणि मालक म्हशीला भितो, ही गोष्ट गिऱ्हाइकांनी आता स्वीकारली होती. पण या सगळ्या भीतींच्या वर, गादीवर लोडाला टेकून, आण्णा बसलेले असत.

आण्णा म्हणजे त्याचे वडील, चन्नाप्पा शेटे. आण्णा फारसं बोलत नसत, खोकत असत. एक खोकला म्हणजे गिऱ्हाईक आलंय. लांबलेला खोकला म्हणजे वजनात घोळ झालाय. आणि खोकलाच आला नाही, तर मग काही खरं नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी सोमेश आण्णांना पुढे शिकू का म्हणून विचारणार होता. वाक्य तयार होतं, पाठही झालं होतं. तेवढ्यात आण्णांनी दुकानाची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ते जेवायला निघून गेले. ते वाक्य त्यानंतर पंधरा वर्षं त्याच्या घशातच मुक्कामाला होतं.

तरीही त्याने चोरून अर्ज आणला. (कॉलेजचं नाव इथे सांगत नाही. पुढे जे घडलं ते वाचल्यावर कारण कळेल.) अर्जाला फोटो हवा होता. इथपर्यंत सगळं ठीक होतं. घात झाला तो फोटो काढायला कृष्णातकडे गेल्यामुळे.

कृष्णात हा सोमेशचा बालमित्र, पेठेतल्या तालमीचा उपाध्यक्ष. त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि नुकतंच त्याने डिजिटल फ्लेक्स छापायचं मशीन घेतलं होतं. मशीन आल्यापासून पेठेत कुणाचं काही चांगलं झालेलं त्याला गप्प बसून बघवत नसे. कुणाला मुलगा झाला, फ्लेक्स. कुणी नवी बुलेट घेतली, फ्लेक्स. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हशीने दुधाच्या स्पर्धेत नंबर काढला, तेव्हा त्या म्हशीचा तिच्या सर्व हितचिंतकांसह फ्लेक्स लागला होता.

"पासपोर्ट फोटो कशाला रं?" कृष्णातने विचारलं. "परदेशी चाललाईस व्हय?"

"न्हाय रं. सहज."

"सहज कोण काढतंय? खरं सांग मर्दा."

सोमेशने सांगितलं. मग त्याचा हात धरून म्हणाला, "कुणाला बोलू नकोस बाबा. आण्णांना कळलं तर मेलो मी."

"माझ्या तोंडातनं एक शब्द जाणार न्हाय," कृष्णात म्हणाला.

कृष्णातने शब्द पाळला. तोंडाने तो कुणालाही काही बोलला नाही. त्याने फक्त बोर्ड लावला.

अर्ज देऊन आल्याच्या पुढच्या आठवड्यात सोमेश सकाळी चौकात आला आणि जागच्या जागी थिजला. समोर दुमजली घराएवढा तो स्वतः उभा होता. फ्लॅशला घाबरून पासपोर्ट फोटोत त्याचे डोळे थोडे मोठे झाले होते. ते आता बैलगाडीच्या चाकाएवढे झाले होते, आणि चौकात येणारी प्रत्येक रिक्षा ब्रेक दाबत होती. खाली लिहिलं होतं: "हार्दिक अभिनंदन! पेठेचा ढाण्या वाघ, इतिहाससम्राट मा. सोमेशदादा शेटे यांची एम.ए. (इतिहास) साठी प्रचंड बहुमताने निवड झाल्याबद्दल." 'प्रचंड बहुमताने' हे आधीच्या नगरसेवकाच्या फ्लेक्समधून काढायचं राहिलं होतं.

सोमेश पळतच स्टुडिओत शिरला. "कृष्णात! अरे, निवड कुठं झालीय? अजून मुलाखत व्हायचीय!"

"मग होऊ दे की. कोण नको म्हणतंय?"

"त्यांनी घेतलंच नाही तर?"

"बोर्ड लागल्यावर कोण घेत न्हाय? तू कोल्हापुरात ऱ्हातोस का कुठं? आपल्याकडं आदी बोर्ड लागतोय, मग मानूस निवडून येतोय."

"काढ तो! पाया पडतो, आत्ताच्या आत्ता काढ!"

"आता न्हाय काढता येत," कृष्णात गंभीर झाला. "वरच्या कोपऱ्यात आण्णांचा फोटो टाकलाय. 'प्रेरणास्थान' म्हणून. आण्णांचा फोटो उतरवायची माझी छाती न्हाय. तुझी हाय?"

सोमेशची नव्हती.

आण्णा रोज सकाळी म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जात, आणि चौक वाटेतच होता. सोमेश घरी जाऊन न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी लावली. बाहेर आण्णांच्या चपला वाजल्या. खोकला नाही. सोमेशने डोळे मिटून बसवण्णांचं नाव घेतलं.

"शांतव्वा," आण्णांचा आवाज आला. "पेढे मागव."

"कशाला ओ?" सोमेशच्या आईने विचारलं.

"पोरगं निवडून आलंय."

आत सोमेश पालथ्या बादलीवर मटकन बसला. रागावलेल्या आण्णांची त्याला जन्मापासून सवय होती. खूश झालेले आण्णा कसे सांभाळायचे, हे त्याला माहीतच नव्हतं. आधी त्याला एवढीच भीती होती, की आण्णा नाही म्हणतील. आता भीती ही, की आण्णांनी अख्ख्या गंगावेशीत पेढे वाटून झाल्यावर कॉलेजच नाही म्हणेल, आणि ते आण्णांना आपल्यालाच सांगावं लागेल.

"खरं काय ते सांगून टाका," शांभवी म्हणाली.

"कोण सांगणार?"

"मी सांगू?"

"नको!"

मग त्याने अभ्यासाला सुरुवात केली. दुकानात पेंडीच्या पोत्यांआड उकिडवं बसून तो राजघराणी पाठ करू लागला. भुसा मागायला आलेल्या चिमणाबाईंना त्याने एकदा "शिलाहार" असं उत्तर दिलं, आणि त्या "नवीन आलाय व्हय? कसा किलो?" म्हणाल्या. त्याची भूक गेली. वजन घटलं. मुलाखतीत काय काय विचारतील, याचा विचार करताना त्याला नेहमी एकच चित्र दिसे. लांब टेबल, पलीकडे चार जाड चष्मे, आणि चौघंही एकदम विचारतायत, "पण तुम्ही मुळात आलातच कशाला?"

मुलाखतीच्या दिवशी त्याचा बेत साधा होता. गुपचूप केएमटीच्या बसने जायचं, नापास व्हायचं, आणि येताना जोतिबाच्या डोंगरावर थोडे दिवस राहता येईल का ते बघायचं. इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या बोळातून बाहेर पडला. बोळाच्या तोंडाशी हलगी कडाडली.

अख्खी तालीम उभी होती. हलगी, घुमकं, कैताळ अशी सगळी वाद्यं, आणि मध्ये झेंडूच्या माळांनी मढवलेली उघडी जीप. सोमेश मागे फिरणार तोच चौघांनी त्याला उचलला, पाचव्याने फेटा बांधला आणि कृष्णातने गुलालाच्या पोत्याचं तोंड सोडलं.

"अरे, मुलाखत हाय माझी!" सोमेश गुलालातून ओरडला. "परीक्षा हाय परीक्षा!"

"म्हणून तर चाललोय सोबत!" कृष्णात ओरडला. "एकट्याला सोडतोय व्हय तुला?"

जीपवर उभं राहायची सोमेशला भीती वाटत होती. चालत्या जीपवरून उतरायची त्याहून जास्त. त्यामुळे तो उभा राहिला, पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि लोकांना वाटलं, काय रुबाबात उभा आहे. एका माडीवरून कुणीतरी त्याला ओवाळलं. मागे रिक्षात, कडक धोतर आणि काळा कोट घालून, आण्णा बसलेले त्याला दिसले. त्याने लगेच मान पुढे वळवली.

आता कॉलेजात काय झालं, ते पाहू. आदल्या महिन्यात फीवाढीवरून तिथे कुठल्याशा संघटनेचा मोर्चा येऊन गेला होता आणि बऱ्याच काचा फुटल्या होत्या. तेव्हापासून हलगी ऐकली की शिपाई आकाराम लोखंडी जाळीचा दरवाजा ओढून घेई आणि प्राध्यापकमंडळी स्टाफरूममधून ग्रंथालयात जात, कारण ग्रंथालयात कोणताही मोर्चा कधी शिरत नाही. या वेळीही तसंच झालं. मागे राहिले ते इतिहासाचे विभागप्रमुख, प्राध्यापक जिनपाल मगदूम. ते मुलाखती घ्यायला बसले होते आणि त्यांना चष्मा सापडला नाही.

जिन्यावर हलगी आली तसे मगदूम सर हात जोडूनच जाळीपाशी आले.

"मंडळी, शांत व्हा," ते म्हणाले. "आपल्या सगळ्या भावना मी प्राचार्यांच्या कानावर घालतो. तुमच्या मागण्या काय आहेत?"

कृष्णात गोंधळला. तो मागे वळून ओरडला, "ए, मागण्या काय रं आपल्या?"

"पेठेत पाणी सकाळी सोडा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मान्य!" मगदूम सर म्हणाले.

आता सोमेशला पुढे ढकलण्यात आलं. फेटा डोळ्यांवर आलेला, चेहरा गुलालाने माखलेला, घामाने त्याचे ओघळ झालेले. मगदूम सर दोन पावलं मागे सरले. सोमेशही दोन पावलं मागे सरला. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं एकमेकांकडे बघून लटपटत होती, आणि त्यांतलं कोण कुणाची मुलाखत घेणार होतं ते तिसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

"सर," सोमेश मिशीतल्या मिशीत म्हणाला, "माझी मुलाखत हाय."

"पत्रकारही आलेत?" मगदूम सरांचा चेहरा पांढरा पडला.

"न्हाय सर. एम.ए.ची. प्रवेशाची. शेटे. सोमेश चन्नाप्पा."

मगदूम सरांनी जाळीतून डोळे बारीक करून पाहिलं. मग ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"प्रवेशाची," ते म्हणाले. "हिस्टरीच्या. आणि हे सगळे?"

"सोबत आलेत."

"आकाराम, दार उघड." मग सोमेशला आत घेऊन त्यांनी घाईघाईने विचारलं, "इतिहास आवडतो?"

"व्हय सर."

"झाली मुलाखत. प्रवेश दिला."

सोमेशला आनंद व्हायला हवा होता. पण एवढे दिवस पेंडीच्या पोत्यांआड घालवलेला माणूस तो. "सर, एक तरी प्रश्न विचारा की," तो काकुळतीला आला. "सातवाहनांपासून सगळं झालंय माझं."

"नको," मगदूम सर म्हणाले. "आणि उत्तर चुकलं म्हणजे? मग मी काय करू?"

तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर पडली. एम.ए. इतिहासाच्या वर्गाला वीस विद्यार्थी झाले नाहीत तर वर्गच बंद करायचा, असं संस्थेनं बजावलं होतं. अर्ज आले होते नऊ. वर्ग बंद झाला असता तर मगदूम सरांना अकरावीच्या मुलांना शिकवायला पाठवणार होते, आणि अकरावीच्या मुलांची सरांना एवढी भीती वाटत होती, की त्यांना झोप लागत नव्हती. ज्या दाराशी आपल्याला हाकलून देतील म्हणून सोमेश महिनाभर झुरला, त्या दाराशी सर गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते. सोमेश आला नसता, तर ते त्याला शोधायला गंगावेशीत आले असते.

मगदूम सरांची नजर आता जिन्याकडे गेली. जिन्यावर हलगीवाले घाम पुसत होते. सरांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"मंडळी," ते पहिल्यांदाच मोठ्या आवाजात म्हणाले, "तुमच्यात कुणी बी.ए. झालंय का?"

तालमीत एकदम चुळबुळ झाली. कुस्ती येते का, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी छाती काढली असती. शिक्षणाची बाब जरा नाजूक होती. मग कृष्णातने हळूच हात वर केला. (तो बी.ए. होता. त्याला वेळ लागला होता, पण होता.) ते बघून घुमकंवाल्याने केला. मग आणखी एकदोघांनी. लाजत लाजत हात वर होत गेले, आणि सर बोट नाचवत आधीच्या नवाच्या पुढे मोजत गेले. एकोणीस झाले. तिथे गाडं अडलं.

"आणखी एक," सर म्हणाले. "फक्त एक. कुणीही चालेल."

जिन्याच्या खालच्या पायरीवरून खोकला आला. एक.

गर्दी दुभंगली. आण्णा कोटाची बटणं लावत वर आले. "मी हाय बी.ए.," ते म्हणाले.

सोमेशच्या तोंडाचा आ वासला तो वासलाच. "आण्णा! तुम्ही बी.ए.?"

"व्हय."

"कधी?"

"तुझ्या आदी."

"मला कधी बोलला न्हाय."

"तू कधी इचारलंस?" आण्णा म्हणाले. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, ते त्यांच्या मानाने फार लांबलचक बोलले. "माझ्या बाबानं मला किल्ली दिल्ती. मी घेतली. मग तुला दिली. तू बी घेतलीस, गप दुकानात बसलास. मला वाटलं, तुला शिकायचंच न्हाय. शिकायचं असतं तर बोलला असतास की."

सोमेशच्या घशातलं ते जुनं वाक्य आता पार विरघळून गेलं आणि डोळ्यांवाटे बाहेर आलं. पंधरा वर्षं तो ज्या नकाराला भीत होता, तो नकार आण्णांकडे नव्हताच. त्याला खूप वाईट वाटलं, आणि खूप बरंही वाटलं. सुदैवाने तोंडावर गुलाल होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. कृष्णातला कळलं, पण त्याने हलगीवाल्याला खूण केली आणि तो विषय तिथेच दडपून टाकला.

जुलैत वर्ग सुरू झाला. दुकानात शांभवी बसू लागली आणि महिन्याभरात विक्री वाढली, याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे. पहिल्या दिवशी सोमेश नवी वही घेऊन दुसऱ्या बाकावर बसला. शेजारी आण्णा. आयुष्यात प्रथमच ते गादीवरून खाली, त्याच्या बरोबरीने बसले होते. मगदूम सरांनी सगळ्यांना आळीपाळीने उभं राहून नाव आणि इतिहास का निवडला ते सांगायला लावलं. त्यांचा चष्मा सापडला होता आणि त्याबरोबर आवाजही.

"फ्लेक्सवर तारखा चुकत्यात माझ्या," कृष्णात म्हणाला. सरांनी मान डोलावली.

सोमेशचं उत्तर तयार होतं. भूतकाळ हा वर्तमानाचा पाया, असं काहीतरी भारदस्त होतं. तो उभा राहिला, वीस जणांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि उत्तर गेलं. "शेटे," एवढं म्हणून तो खाली बसला.

मग आण्णा उठले. मगदूम सरांनी अत्यंत आदराने विचारलं, "आण्णा, या वयात तुम्हाला इतिहासाची एवढी ओढ कशी लागली, ते मुलांना सांगा."

"ओढबीढ काय न्हाय सर," आण्णा म्हणाले. "ह्याला एकट्याला वर्गात बसाय भ्या वाटतंय. पहिलीत घातला तवाबी मलाच शेजारी बसाय लागलंतं."

सगळा वर्ग खो खो हसला. सोमेशचे कान तापले. आपण छत्तीस वर्षांचे आहोत, दुकानाचे मालक आहोत आणि हे साफ खोटं आहे, असं उठून ठणकावून सांगायचं त्याने नक्की केलं. पण तेवढ्यात मगदूम सरांनी हातात खडू घेतला, म्हणाले, "चला, आता मी एकेकाला प्रश्न विचारणार आहे," आणि सोमेश वर न बघता बाकावरून आण्णांच्या बाजूला सरकला.